घोडा पावसातून काढा

आमच्या मुलखात एखाद्याची आशा मोडायची असली तर तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. तो उद्धटपणा झाला. 'घोडा पावसातून काढ बाबा' म्हणतात, आणि ऐकणारा काय समजायचं ते समजतो. पोरगा मोटार मागतो, बाप वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणतो, घोडा पावसातून काढ. ज्या पोराने जन्मात घोड्याला हात लावलेला नाही, ते पोरगंही मान खाली घालून निघून जातं. रिओपासून लिस्बनपर्यंत सगळे असंच बोलतात, आणि हे बोलणं कुठून आलं ते शिकलेली माणसं आपापल्या परीने सांगतात. सांगू देत बापडी. त्यांच्यातलं एकही माणूस त्या पावसात बोआ एस्पेराच्या अंगणात नव्हतं. ओनोरातो होता. त्याचा घोडा तर होताच होता, आणि घोड्याला विचारलं असतं तर त्याने सगळ्यांत खरं सांगितलं असतं. पण बोलण्याइतकं त्राण त्याच्यात उरलेलं नव्हतं.

त्राण ओनोरातोतही नव्हतं. ब्राझीलमधल्या मिनासच्या डोंगरात कर्नल फ्रुतुओझोंच्या घराण्याची कामं करण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं. कर्नल म्हणजे लढाईवाले नव्हेत. आमच्याकडे ज्याची कुरणं या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत, तो कर्नल. अशा माणसाला बंदूक लागत नाही, ओनोरातोसारखा एक माणूस लागतो. कुणाचा हरवलेला बैल परत मागायचा आहे, कुणाची रुसलेली सून समजावून आणायची आहे, निवडणुकीत कुणाची टोपी कुठल्या बाजूला पडते ते पाहायचं आहे, की निघाला ओनोरातो. आवाज चढवत नसे, धमकी देत नसे. ओसरीवर बसे, कॉफी घेई, गुडघ्यावर हॅट ठेवून असा काही दमलेल्या नजरेने समोरच्याकडे बघे, की समोरचाच म्हणे, जाऊ दे, न्या तो बैल. थकवा हे त्याचं हत्यार होतं. पण हत्यार वापरून वापरून हातालाही लागतं. पूर्वी त्याच्या अंगात थकवा असे. आताशा थकव्याच्या आत कुठेतरी त्याचं अंग होतं.

घोड्याचं नाव कोमेता, म्हणजे धूमकेतू. हे नाव वेगामुळे पडलेलं नव्हतं. धूमकेतू कधी पोचेल याची वाट लोक वर्षानुवर्षं बघतात, त्यामुळे पडलं होतं.

त्या दिवशी कर्नलांनी ओनोरातोला बोलावलं आणि नव्या चॅपेलच्या पायरीवर उभं केलं. आत इटलीहून आणलेलं संगमरवरी थडगं होतं, वर देवदूत, देवदूताच्या तोंडाला कर्णा. थडगं रिकामं होतं.

"रविवारी बिशप येतायत," कर्नल म्हणाले. "वडिलांच्या थडग्याला आशीर्वाद द्यायला. आणि वडील कुठे आहेत? उंबेलिनाच्या गोठ्यामागे! लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणत नाहीत, कर्नल. इतकी वर्षं झाली."

"बिशप म्हणतील. मी खोदायला माणसं पाठवली होती, ती फावडी खांद्यावर टाकून परत आली. घरमालकिणीच्या शब्दाशिवाय थडग्याला हात लावणार नाही म्हणतात. पाद्रीबाबाही त्यांच्याच बाजूचे. तू जा. तिचा शब्द आण. ही तुझी शेवटची खेप."

ओनोरातोने मान वर केली. शेवटची खेप हे शब्द त्याने त्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

"शब्द आणलास की गिरणीजवळचं घर तुझं. बस, झोप, कोंबड्या पाळ. हाकेच्या अंतरावर आहे, मलाही बरं."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर मातो ग्रोसोची गुरं यायचीत. तिकडे पाठवायला माणूस लागतोच."

मातो ग्रोसोची वाट कशी आहे ते ओनोरातोला ठाऊक होतं. ऐन उमेदीची माणसं तिकडून गुरं घेऊन येत तेव्हा त्यांच्या आया त्यांना ओळखत नसत. त्याच्या वयाचं कुणी गेलं तर गुरं तेवढी परत येत. त्याने डोळ्यांपुढे गिरणीचं घर आणलं, घरात खाट आणली, खाटेवर स्वतःला आडवं घातलं आणि कोमेताचा तंग आवळला.

आता आमच्या डोंगरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पाहुणा आला की घोडा पुढच्या अंगणातल्या खुंट्याला बांधतो. याचा अर्थ, मी बसायला आलेलो नाही, काम झालं की चाललो. अशा पाहुण्याला कॉफी मिळते, कॉफीबरोबर फार तर चिजचा एखादा गोळा. जेवण नाही, खाट नाही. मग यजमानाला वाटलं की माणूस राहावा, तर तो म्हणतो, घोडा उन्हातून काढा. पाऊस असला तर, पावसातून काढा. हे यजमानानेच म्हणायचं. पाहुण्याने आपण होऊन घोडा मागे नेला तर त्याची सात पिढ्यांची इज्जत गेली. आणि पाहुण्याच्या घोड्याला यजमानाने हात लावायचा नाही. घोडा एकदा मागच्या गोठ्यात गेला, खोगीर उतरलं, की तो माणूस घरचा. त्याने जेवायचं, झोपायचं. कामाचं बोलणं बंद. त्यालाही काढता येत नाही आणि दुसऱ्यालाही त्याच्यापाशी काढता येत नाही. मागे घोडा असलेल्या माणसाला कामासाठी उठवणं म्हणजे चालू प्रार्थनेत पाद्रीबाबांची टोपी ओढणं.

ओनोरातोने आयुष्यभर पोट भरलं ते या रितीवर. घोडा पुढे, काम जिवंत. त्याने ते कधी मरू दिलं नव्हतं.

बोआ एस्पेराला, म्हणजे उंबेलिनाच्या वाडीवर, पोचेपर्यंत पाऊस लागला होता. दोना उंबेलिना ओसरीवर मका सोलत बसली होती. तिच्या मुलाचा ओनोरातो बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. त्यामुळे ती त्याला कोंपाद्रे म्हणे आणि तो तिला कोमाद्रे. मुलगा केव्हाच साओ पाउलोकडे कॉफीच्या मळ्यांत निघून गेला होता, नातं मागे राहिलं होतं.

"एवढ्या पावसात, कोंपाद्रे? कोण गेलं?"

"गेलेल्याबद्दलच आलोय, कोमाद्रे. पण जुन्या."

"मग घाई कसली? जुना मेलेला कुठे पळून जातो?" तिने कणसं बाजूला केली. "बसा. घोडा पावसातून काढा."

"नको. लगेच निघायचंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं, खुंट्याला बांधलेल्या कोमेताकडे पाहिलं, आणि कॉफी टाकायला आत गेली. कशासाठी आलाय ते तिला फावडीवाल्यांनीच सांगितलेलं होतं.

कॉफी झाली. ओनोरातोने गुडघ्यावर ठेवायला हॅट शोधली; ती खोगिरावरच विसरली होती. नुसत्याच गुडघ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "कर्नलांना वडील हवेत."

"जिवंत होते तेव्हा नको होते."

"संगमरवर आणलाय. वर देवदूत बसवलाय, कर्णा वाजवणारा."

"कर्णा?" उंबेलिना खरोखर दचकली. "अहो, त्या माणसाला पहाटे कोंबडा आरवलेला चालत नसे! ते इथे मुक्कामाला आले की माझी आई कोंबड्यावर टोपली पालथी घालायची. आणि त्यांच्या डोक्यावर कर्णेवाला बसवलाय?"

"तो दगडाचा आहे, कोमाद्रे. वाजत नाही."

"काय सांगावं. कर्नलने पैसे मोजलेत म्हणजे वाजेलही. कोंपाद्रे, घोडा पावसातून काढा."

"तुम्ही हो म्हणा, मी निघतो. घोडा आपोआप निघेल पावसातून."

"मी काय म्हणते ते म्हणून झालंय."

आणि ती पुन्हा मका सोलायला बसली. ओनोरातोनेही भिंतीला पाठ लावली. अशी घरं त्याने बरीच पाहिली होती. दारात पाहुण्याचा घोडा भिजतोय हे कुठल्या बाईला जास्त वेळ बघवतं? येणारा-जाणारा नावं ठेवतो. शेवटी बाई कंटाळते, म्हणते, न्या एकदाचं काय हवंय ते.

पण पावसानेही त्या खेपेला हट्टच धरला होता. असा पाऊस की छपरावरून पाणी खाली येतंय की खालून वर चाललंय ते कळेना. अंधार झाला, उजाडलं, पुन्हा अंधार झाला. ओनोरातो बाकावर बसून होता. जाणाऱ्या माणसाने आडवं व्हायचं नसतं, म्हणून तो झोपू शकत नव्हता. ओसरीवर माणूस बसलेला असताना घरच्या बाईने अंथरुणावर जायचं नसतं, म्हणून तीही झोपू शकत नव्हती. ती कॉफी आणी, तो पीत असे. कॉफीने झोप उडे, झोप उडाली की दमणूक जास्त कळे. चुलीवर भेंडी घातलेली कोंबडी शिजत असे, तिचा वास बाहेर येऊन त्याच्याशेजारी बसे आणि बराच वेळ हलत नसे.

"कोंबडी चांगली झालीय," आतून उंबेलिना म्हणे.

"वासावरून कळलं."

"घोडा तेवढा..."

"नको, कोमाद्रे. लगेच निघायचंय."

कोमेताचं काय झालं ते आमच्याकडे सगळे जाणतात. तो जातीचा तांबडा घोडा. त्या पावसात त्याचा रंग उतरायला लागला. आधी आयाळीचा, मग पाठीचा, मग पोटाचा. रंगाचा ओघळ अंगणातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत गेला. खालच्या अंगाला बायका धुणं धूत होत्या, त्यांच्या पांढऱ्या चादरी गुलाबी निघाल्या, आणि त्या वर्षी तिकडच्या सगळ्या नवऱ्या मुली गुलाबी चादरींवर झोपल्या. खोगिरावर विसरलेल्या हॅटमध्ये बेडकीने अंडी घातली. डाव्या रिकिबीत एक मासा येऊन राहिला. ओनोरातोने एकदा उठून तो बघितला, हातात धरला, वजन केलं, आणि ओढ्यात सोडून दिला. जेवण त्याला चालणार नव्हतं.

घोड्याने या सगळ्यात तक्रार केली नाही. मान खाली घालून तो उभा होता. जन्मभर तो दुसऱ्यांच्या दारात असाच उभा राहिला होता, आणि काम झाल्यावर लगेच निघाला होता.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी अंडी विकणारी कितेरिया बाजाराला निघाली ती कुंपणापाशी थांबली. तिला दोन तोंडं होती असं लोक म्हणत. एक अंडी विकायला आणि एक फुकट वाटायला.

"काय गं उंबेलिना, हा सांगाडा कुणाचा बांधलाय दारात?"

"कोंपाद्रेंचा घोडा आहे."

"बाई बाई! पाहुण्याचं जनावर असं ठेवतात? तुझ्या आईने बघितलं असतं तर?"

"मी सांगितलंय त्यांना," उंबेलिना मोठ्याने म्हणाली, ओसरीवर नीट ऐकू जावं असं. "पहिल्या घटकेपासून सांगतेय, घोडा पावसातून काढा. तेच ऐकत नाहीत."

"आणि कर्नलचं काम? थडग्याचं?"

"त्यावर माझं एवढंच बोलणं झालंय. घोडा पावसातून काढा."

"हंऽऽ," कितेरिया म्हणाली. तिने एकदा ओनोरातोला डोळे भरून बघून घेतलं आणि इतक्या घाईने निघाली की पुढच्या वळणावर तिची अर्धी अंडी फुटली. पण उरलेल्या अर्ध्यांबरोबर बातमी बाजारात पोचली. कर्नलच्या माणसाला उंबेलिनाने काय सांगितलं? घोडा पावसातून काढ म्हणाली. म्हणजे आशा सोड! संध्याकाळपर्यंत अंड्यांचा भाव कमी करून मागणाऱ्याला कितेरिया तेच म्हणू लागली. न्हावी उधारीवाल्याला म्हणाला. पाद्रीबाबांनी कुणाला तरी कबुलीच्या खिडकीतून म्हटलं असंही सांगतात, पण पाद्रीबाबांबद्दल मी शपथ घेणार नाही.

ओसरीवर ओनोरातोला याची गंधवार्ता नव्हती. त्याला फक्त एवढं कळत होतं की रविवार जवळ येतोय आणि बाई कंटाळत नाहीये. तीही दमली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. पण दमलेल्या माणसाचा हट्ट सगळ्यांत चिवट. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"कोमाद्रे," शेवटी तो म्हणाला. त्याने इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं; मनातलं बोलला. "हे घोंगडं किती भिजत ठेवायचं? मी म्हातारा झालोय. ही खेप जमली तर कर्नल मला गिरणीचं घर देणार आहेत. नाही जमली तर मातो ग्रोसो. मला फक्त झोपायचंय. तुमच्या गोठ्यामागची चार हाडं, त्यांना काय फरक पडतो?"

उंबेलिना येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिने खुंट्याच्या कोमेताकडे बोट केलं.

"थोरले कर्नल पहिल्यांदा इथे कशाला आले होते, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "माझ्या आईला या जागेवरून उठवायला. कुरणाला ओढा हवा होता त्यांना. घोडा असाच पुढे बांधला, त्याच खुंट्याला. पाऊसही असाच. आई म्हणाली, घोडा पावसातून काढा. मी तेव्हा दाराआडून बघत होते. ते उभे राहिले, बराच वेळ. मला वाटलं आता ओरडतील. तर ते एकदम खाली बसले. तुम्ही आत्ता बसलाय तिथेच. आणि म्हणाले, बाई, खरंच काढू?"

"काढला?"

"काढला. जेवले, झोपले. असे झोपले की आईने दोनदा नाकापाशी आरसा धरून बघितला. उठल्यावर म्हणाले, माझ्या घरात मी कधी झोपलोच नाही. दर घटकेला कुणीतरी दार वाजवतं, कर्नल हे कसं करू, कर्नल ते कसं करू. इथे घोडा मागे होता, तर कुणाची टाप नव्हती. जागेबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. मग दमले की यायचे. शेवटचे आले तेव्हा खोगीर स्वतः उतरवलं आणि मला म्हणाले, पोरी, हे घरात नेऊन ठेव, आता लागणार नाही. मला गोठ्यामागेच ठेवा. तिथे कामाचं कुणी येणार नाही."

ओसरीच्या कोपऱ्यात, कणसांच्या टोपल्यांमागे, एक जुनं खोगीर भिंतीला टेकवलेलं होतं. ओनोरातो गेले कितीतरी प्रहर त्याच्याकडे बघत होता. घराण्याची छाप त्याला आत्ता दिसली.

"तुम्ही रितीचे जाणते, कोंपाद्रे. मी अडाणी बाई. तुम्हीच सांगा. ज्याचा घोडा मागे, त्याला कामासाठी उठवायचं नाही. मग तो माणूस मेला म्हणजे ही रीत सुटते का? सुटते म्हणालात तर आत्ता फावडी बोलवा, मी स्वतः कंदील धरते."

ओनोरातोने तोंड उघडलं. एकच शब्द हवा होता. सुटते. शब्द जिभेवर आलेला होता, आणि त्याच्या पलीकडे गिरणी दिसत होती, घर दिसत होतं, खाट दिसत होती. त्याने खाटेवर आडवं व्हायला घेतलं, आणि तेवढ्यात त्याला हाक ऐकू आली. ओनोरातो! कर्नलांची हाक. खिडकीतून. घर हाकेच्या अंतरावर होतं ना. बैल हरवलाय, ओनोरातो. सून रुसलीय, ओनोरातो. एवढी एकच खेप, ओनोरातो, शेवटची.

त्याने तोंड मिटलं.

"नाही सुटत," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटत होतं," उंबेलिना म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. तिने पदराने डोळे पुसावेत तसा ॲप्रन तोंडावरून फिरवला. "कोंपाद्रे, घोडा पावसातून काढा."

ओनोरातो उठला आणि पायऱ्या उतरून चिखलात गेला. कोमेताने मान वर केली नाही. मालक आला म्हणजे निघायचं, दुसरं काही त्याला माहीत नव्हतं. ओनोरातोने लगाम सोडला. घोड्याने सवयीने फाटकाकडे तोंड वळवलं.

"तिकडे नाही," ओनोरातो म्हणाला. "इकडे."

घोडा थांबला. त्याचा विश्वास बसेना. ओनोरातोने त्याच्या भिजून पांढुरक्या पडलेल्या मानेवर हात ठेवला, आणि दोघं घराला वळसा घालून मागे गेले, सावकाश, एकमेकांना टेकत, कोण कुणाला नेतंय ते न कळावं असे. गोठ्यात कोरडा चारा होता. तंग सोडला तेव्हा खोगिराने असा सुस्कारा टाकला की झोपलेली कोंबडी जागी झाली. हॅटमधली बेडकांची पिल्लं ओनोरातोने जपून डबक्यात ओतली. गोठ्यामागे, केळींच्या पलीकडे, एक लाकडी क्रूस पावसात उभा होता. ओनोरातोने रिकामी हॅट छातीशी धरून त्याला नमस्कार केला. कामाचं काही बोलला नाही.

मग तो घरात गेला आणि जेवला. कोंबडी, भेंडी, मक्याचा घाटा, घेवड्याची आमटी, पेरूची वडी आणि ताजं चीज. खाटेपर्यंत कसा पोचला ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. उंबेलिनाही आपल्या खोलीत जाऊन पडली. इतक्या दिवसांत प्रथमच त्या घरात कुणी जागं नव्हतं.

शनिवारी दुपारी कर्नल फ्रुतुओझो स्वतः आले. बाजारातून येताना एका फळवाल्याने त्यांना पाहून शेजाऱ्याला काहीतरी म्हटलं होतं, आणि दोघं घोडा, पाऊस असं काहीतरी पुटपुटत हसले होते. कर्नल आधीच तापलेले होते. अंगणात येऊन पाहतात तो खुंटा रिकामा.

"ओनोरातो!" ते घोड्यावरूनच गरजले. "बाहेर ये!"

उंबेलिना डोळे चोळत दारात आली. "हळू, कर्नल. पाहुणे झोपलेत."

"कसला पाहुणा? माझा माणूस आहे तो!"

"घोडा मागे आहे."

कर्नलांनी लगाम आवरला. कितीही झालं तरी वाढले होते त्याच डोंगरात. त्यांनी घराकडे पाहिलं, घरामागच्या केळींकडे पाहिलं, तिथे कोण निजलंय ते त्यांना ठाऊक होतं. हॅटच्या कडेवरून पाणी त्यांच्या मांडीवर सांडत होतं. तेही काही तरुण राहिले नव्हते.

"मी थांबतो," ते म्हणाले. "उठेल तेव्हा उठेल."

"थांबा की. घोडा पावसातून काढा, कर्नल."

तिने हे सरळ मनाने म्हटलं होतं. भांड्यात कोंबडी उरली होती, एक खाटही मोकळी होती. कर्नलांचे वडील याच जागी, याच शब्दांवर खाली बसले होते. पण कर्नल बाजारातून आले होते. त्यांना त्या शब्दांत फळवाल्याचं हसू ऐकू आलं. त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

"ओनोरातो!" ते घराच्या भिंतीला ओरडून म्हणाले. "ऐकतोयस ना? गिरणीचं घर विसर! दुसऱ्याला दिलं!"

आणि टाच मारून ते गेले. दुसऱ्या दिवशी बिशपांनी रिकाम्या थडग्याला आशीर्वाद दिला, कर्नल त्यांच्याशेजारी शिंकत उभे होते, आणि पुढे योग्य वेळी ते स्वतःच त्यात गेले, कर्ण्याच्या बरोबर खाली.

ओनोरातोने ऐकलं होतं. त्या आरोळीने तो जागा झाला होता. छताकडे बघत तो पडून राहिला आणि दुःखाची वाट बघू लागला. गिरणीचं घर गेलं होतं. आता मोठं काहीतरी छातीवर येऊन बसेल असं त्याला वाटत होतं. ते येईना. भिंतीपलीकडे कोमेता मका खात होता. दात जुने झालेले, त्यामुळे सावकाश खात होता. कडकड, मग थांबणं, मग पुन्हा कडकड. ओनोरातो ते ऐकत राहिला. मधल्या एका थांबण्यात तो पुन्हा झोपला.

मातो ग्रोसोचं बोलावणं नंतर दोनदा आलं. निरोप घेऊन आलेला माणूस अंगणात उभा राही, रिकामा खुंटा बघे, मागून येणारा चारा चावण्याचा आवाज ऐके, हॅटला हात लावून परत फिरे. मागे घोडा असलेल्या माणसाला कामाचं कसं सांगणार?

पाऊस थांबला त्या सकाळी ओनोरातो ओसरीवर आला. सगळ्या डोंगरातून वाफ निघत होती. उंबेलिना मका सोलत होती.

"थांबला एकदाचा," ती म्हणाली. "कोंपाद्रे, आता घोडा पुढे आणणार?"

ओनोरातोने आभाळाकडे पाहिलं. निळं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"राहू दे मागेच," तो म्हणाला. "पुन्हा येईल."

तिने मान हलवली. एक कणीस त्याच्याकडे सरकवलं.

"कॉफी टाकू?"

"कॉफी सोडून काहीही द्या, कोमाद्रे," ओनोरातो म्हणाला, आणि सोलायला बसला.